अमेरिकी कादंबऱ्यांतली लग्नं: वाचताना नेमकं काय टिपायचं?

प्रश्न: अनुक्रमणिका (अनुक्रमणिका, तळटीप, उत्तररात्र, समास, जुनी पोथी ही लिहिणाऱ्यांची टोपणनावं आहेत)

वाचनगटाच्या सहा बैठकांसाठी यादी करायची आहे. विषय ठरलाय: अमेरिकी कथा-कादंबऱ्यांतलं कुटुंब, लग्न आणि माणसाची ओळख. एडिथ व्हॉर्टनची 'द एज ऑफ इनोसन्स', टोनी मॉरिसनची 'बिलव्हेड', मॅरिलिन रॉबिन्सनची 'गिलियड' आणि झुंपा लाहिरींची 'द नेमसेक' एवढी पुस्तकं पक्की आहेत. बाकीच्या जागा रिकाम्या.

अडचण अशी, की अशा पुस्तकांवरची चर्चा फिरून फिरून एकाच ठिकाणी येते: तिने त्याला सोडायला हवं होतं की नाही, आईबापांचं चुकलं की मुलांचं. त्यात पुस्तकातलं बरंच काही निसटतं. पात्रं लग्न मोडायला दूरच्या राज्यात का जातात? एकेका नावावर पानंच्या पानं का खर्च होतात?

तर तीन गोष्टी विचारायच्या आहेत. वाचताना कशाची नोंद ठेवावी? क्रम कसा लावावा? आणि ज्या पुस्तकांत तीन-चार पिढ्यांचा गोतावळा आहे, तिथे वाचक हरवू नये म्हणून काय करता येईल?

तळटीप

वहीच्या पहिल्या पानावर चार रकाने आखा: कथानकाचं साल, राज्य, हे लग्न कोण मानतं, आणि पात्राला त्याचं नाव कोणी दिलं. प्रत्येक जोडप्यासाठी एक ओळ. पुस्तक संपेपर्यंत यातलं काहीतरी बदलतंच, आणि बहुतेक वेळा गोष्टीचा पीळ तिथेच असतो.

राज्याचा रकाना कशाला, ते सांगतो. अमेरिकेत लग्न आणि घटस्फोट हा राज्यांच्या अखत्यारीतला विषय आहे. न्यूयॉर्कमध्ये १७८७ पासून १९६६ साली कायदा बदलेपर्यंत घटस्फोटाला एकच कारण चालत असे, व्यभिचार. शेजारच्या किंवा पश्चिमेकडच्या राज्यांत मात्र नियम सैल. तिथे काही काळ राहून रहिवासी व्हायचं आणि निकाल घेऊन परतायचं, असा रिवाजच पडला. आधी डाकोटा, पुढे नेव्हाडातलं रीनो. १९३१ साली नेव्हाडाने वास्तव्याची अट सहा आठवड्यांवर आणली. त्यामुळे जुन्या अमेरिकी कादंबरीत एखादी बाई एकटीच पश्चिमेला निघाली, की त्या काळच्या वाचकाला पुढचं उलगडून सांगावं लागत नसे.

यासाठी व्हॉर्टनचीच 'द कस्टम ऑफ द कंट्री' (१९१३) यादीत घ्या. तिच्यातली अंडीन स्प्रॅग एकामागून एक लग्नं करत वर चढत जाते. तिचा नवरा राल्फ मार्व्हेल जुन्या न्यूयॉर्कच्या खानदानातला. घटस्फोटाचा दावा लढवणं त्याला हलकेपणाचं वाटतं, म्हणून तो गप्प बसतो. आणि दावा लढवला नाही म्हणून मुलाचा ताबा कागदोपत्री आईकडे जातो. त्याच्या ते लक्षातही येत नाही. पुढे अंडीनला फ्रेंच सरदाराशी लग्न करायचं असतं, तो कॅथलिक असल्यामुळे आधीचं लग्न चर्चकडून रद्द करून घ्यायला पैसे लागतात, तेव्हा ती तो ताबा पुढे करते. राल्फच्या शेवटाकडे नेणारी साखळी या एका न लढवलेल्या दाव्यापासून सुरू होते. गटाला विचारा, त्याने नेमकी चूक कोणत्या दिवशी केली? भावनांच्या चर्चेत हे उत्तर सापडत नाही, निकालपत्रात सापडतं.

सालाच्या बाबतीत एक ठरलेली गफलत होते. वाचक प्रकाशनाचं साल धरून बसतात. 'द एज ऑफ इनोसन्स' १९२० ची, पण गोष्ट १८७० च्या दशकातली. 'बिलव्हेड' १९८७ ची, गोष्ट १८७३ ची, आणि तिच्या पोटातली मूळ घटना १८५५ ची. 'गिलियड' २००४ ची, पण म्हातारा जॉन एम्स लिहितोय १९५६ साली. दोन्ही सालं शेजारी शेजारी लिहा, कारण लेखिकेला पुढे काय झालं ते ठाऊक असतं आणि पात्राला नसतं.

'गिलियड'मध्ये तर या एका नोंदीवर सगळा उलगडा टांगलेला आहे. (इथून पुढे रहस्यभेद आहे, पुस्तक वाचायचं असेल तर हा परिच्छेद सोडा.) जॅक बाउटन वडिलांच्या गावी परत का आला, हे पुस्तकभर कोडं राहतं. त्याची बायको डेला कृष्णवर्णीय आहे, त्यांना मुलगा आहे, आणि ते राहत होते ते मिसूरीत हे लग्न कायद्याने लग्नच नव्हतं. वडिलांचं गाव ज्या राज्यात आहे त्या आयोवाने मात्र असा कायदा १८५१ सालीच काढून टाकलेला. म्हणजे जॅक गावात येऊन चाचपतो आहे ते एवढंच, की कायद्याने मोकळ्या असलेल्या या राज्यात, या गावात, आपलं कुटुंब राहू शकेल का. लव्हिंग विरुद्ध व्हर्जिनिया, म्हणजे मिश्रवर्णी लग्नांवरची बंदी सर्वोच्च न्यायालयाने मोडीत काढली तो निकाल, १२ जून १९६७ चा. त्या दिवसापर्यंत १६ राज्यांत असे कायदे शिल्लक होते, मिसूरी त्यांतलंच. एम्स आपल्या मुलासाठी पत्र लिहितो तेव्हा हा निकाल अकरा वर्षं दूर आहे. हे कळल्यावर आधीची जॅकची तुटक, उर्मट वाटणारी बोलणी पुन्हा वाचून बघा. प्रत्येक प्रश्न वेगळा ऐकू येतो.

उत्तररात्र

तळटीप यांच्या चौथ्या रकान्याबद्दल थोडं विस्ताराने, कारण 'बिलव्हेड' तिथूनच उघडते.

गुलामगिरीत असलेल्या माणसांच्या लग्नाला कायद्यात काहीच स्थान नव्हतं. मालक परवानगी देई, कधी थोडा समारंभही होई, पण विक्री झाली की नवरा एकीकडे आणि बायको दुसरीकडे. वर व्हर्जिनियाने १६६२ सालीच ठरवून टाकलेलं, की मूल आईच्या दर्जाचं, म्हणजे गुलाम आईचं मूल गुलाम, बाप कोणीही असो. बापाचं नाव, बापाचा वारसा, बापाचं संरक्षण, कुटुंबाच्या या तिन्ही खुंट्या त्या एका कलमाने उपटल्या. तुमच्या गटाला हे आधी सांगितलं नाही, तर बेबी सग्ज, म्हणजे नायिका सेथीची सासू, हिची आठ मुलं सहा पुरुषांपासून झाली, हे वाक्य भलत्याच नजरेने वाचलं जाईल.

आता नावाचा प्रसंग. मुलगा हॅले पाच वर्षं रविवारी राबून आईचं स्वातंत्र्य विकत घेतो. मालक गार्नर तिला गाडीतून ओहायोला पोचवतो, तेव्हा ती त्याला पहिल्यांदाच विचारते, की तुम्ही सगळे मला जेनी का म्हणता? तर विक्रीच्या चिठ्ठीवर जेनी व्हिटलो असं लिहिलेलं असतं. ती सांगते, सग्ज हे माझ्या नवऱ्याचं नाव, आणि तो मला बेबी म्हणायचा. गार्नर समजावतो, की मोकळ्या झालेल्या बाईला हे नाव शोभत नाही. ती ऐकत नाही. तिचा विचार असा: नवऱ्याने मला शोधायचं ठरवलं तर तो जेनी व्हिटलोला कसा शोधणार? ज्या लग्नाचा कुठेच कागद नाही, त्याचा एकमेव पुरावा तिच्या नावात आहे. या दीड-दोन पानांवर अख्खी बैठक होऊ शकते.

त्याच पुस्तकात पॉल ए, पॉल डी, पॉल एफ हे भाऊ बघा. तिघांचं आडनाव गार्नर, मालकाचं. नि सेथीचं लग्न बघा: तिला समारंभ हवा असतो, तो मिळत नाही, म्हणून ती मिळतील तिथून कापडाचे तुकडे आणून गुपचूप झगा शिवते. रकाना तीनमध्ये लिहा: कायदा मानत नाही, मालकीण हसते, सेथी मानते.

या पुस्तकाच्या आधी एक छोटी कथा वाचून घ्या, चार्ल्स चेसनट यांची 'द वाइफ ऑफ हिज यूथ' (१८९८). एका बसणीत संपते, बैठकीत मोठ्याने वाचता येईल. उत्तरेतल्या शहरातले प्रतिष्ठित, उजळ वर्णाचे रायडर एका तरुण विधवेला मागणी घालायच्या बेतात आहेत. त्याच दिवशी एक वृद्ध, काळी बाई दारात येते. २५ वर्षं ती नवऱ्याला शोधते आहे. कथेत सांगितलंय तसं, गुलामगिरीतलं लग्न यादवी युद्धानंतर आपोआप कायम झालं नव्हतं, दोघांनी ठरवलं तरच. म्हणजे कायद्याने रायडर पूर्ण मोकळे आहेत. कथेचा सगळा ताण या मोकळीकीतून येतो. इथेही नाव आडवं येतं: ती ज्याला शोधते तो सॅम टेलर, आणि समोर उभे आहेत मिस्टर रायडर.

नेला लार्सन यांची 'पासिंग' (१९२९) तिसरी. कृष्णवर्णीय घरातली क्लेअर केंड्री गोरी म्हणून वावरते, आणि नवरा उघड वर्णद्वेष्टा. हे लग्न बेकायदा आहे, असं इथे बरेच वाचक गृहीत धरतात. तसं नाही. न्यूयॉर्कमध्ये मिश्रवर्णी लग्नाला बंदी नव्हती. म्हणूनच १९२५ च्या ऱ्हाइनलँडर खटल्यात श्रीमंत नवऱ्याने बायकोवर फसवणुकीचा आरोप केला, की तिने आपला वंश लपवला, तेव्हा लग्न रद्द करा. ज्यूरीने त्याचं म्हणणं फेटाळलं. कादंबरीत क्लेअरची मैत्रीण आयरीन हिच्या मनात हा खटला नावानिशी येतो, आणि तो येतो तेव्हा ती क्लेअरच्या भल्याचा विचार करत नसते. क्लेअर मोकळी झाली तर आपल्या संसाराचं काय, या धास्तीत असते. ते वाक्य शोधून खूण करून ठेवा. पुस्तकाच्या शेवटी खिडकीशी नेमकं काय घडलं, यावर वाद होणारच, आणि त्या वादात ही खूण हाताशी लागते.

समास

वरचं सगळं पटतं, पण एक धोका दिसतो म्हणून लिहिते. कायद्याची किल्ली हाती आली, की वाचक प्रत्येक कुलपाला तीच लावून बघतो.

'द एज ऑफ इनोसन्स'च घ्या. न्यूयॉर्कचा कायदा कडक होता हे खरं, पण एलेन ओलेन्स्काला घटस्फोटापासून परावृत्त करताना वकील न्यूलँड आर्चर नेमकं उलट सांगतो: कायदा आड येत नाही, आमच्या रूढी येतात. तिला थोपवतं ते घराणं. जेवणाची आमंत्रणं कोण नाकारतं, निरोपाची मेजवानी कोण देतं, कोणाच्या शेजारी कोणाला बसवतात, हे तिथलं न्यायालय. आणि एलेनच्या प्रेमात पडलेल्या आर्चरला शेवटी बांधून ठेवते ती त्याची बायको मे. ती एलेनला आपण गरोदर असल्याचं सांगते, तेव्हा तिची स्वतःचीच खात्री झालेली नसते. या प्रसंगाला कुठलं कलम लावणार? म्हणून 'कोण मानतं' या रकान्यात सरकार, चर्च, घराणं, शेजार आणि ती दोघं, अशी पाच वेगवेगळी उत्तरं लिहायला जागा ठेवा.

दुसरं उदाहरण झोरा नील हर्स्टन यांच्या 'देअर आइज वेअर वॉचिंग गॉड' (१९३७) मधलं. जेनीची आजी तिचं लग्न ६० एकरवाल्या लोगन किलिक्सशी लावते. जेनी त्याला सोडून जो स्टार्क्सबरोबर निघून जाते आणि त्याच दिवशी त्याच्याशी लग्न करते. पहिल्या लग्नाचा घटस्फोट कुठेच नाही. काटेकोर पाहिलं तर दुसरं लग्न टिकत नाही, पण पुस्तकात याची कोणाला फिकीर नाही, जेनीलाही नाही. तिथे ओळखीचा हिशेब दुसऱ्याच गोष्टींत मांडलेला आहे. लहानपणी इतक्या लोकांनी तिला इतक्या नावांनी हाक मारली, की तिचं नाव 'अल्फाबेट' पडलं. जो तिचे केस फडक्यात बांधायला लावतो आणि चारचौघांत बोलू देत नाही. तो मेल्यावर ती पहिलं काम करते ते फडकं सोडण्याचं. केस आणि आवाज, या दोन गोष्टी पानागणिक टिपा. आडनावांपेक्षा त्या जास्त सांगतात.

गोतावळ्याच्या प्रश्नाबद्दल. तयार वंशावळ आधी बघू नका. विल्यम फॉकनर यांच्या 'अ‍ॅब्सलम, अ‍ॅब्सलम!' (१९३६) च्या शेवटी कालानुक्रम आणि पात्रांची यादी आहे, पण ती आधी वाचली तर निवेदकांना जे उशिरा कळतं ते तुम्हाला फुकट कळतं, आणि चार्ल्स बॉन कोण, हा शोधच उरत नाही. शिवाय त्या कालानुक्रमातल्या काही तारखा मजकुराशी जुळत नाहीत. वंशावळ पेन्सिलीने काढा, आणि प्रत्येक रेषेवर लिहा, ही माहिती कोणी दिली: रोझा, कॉम्प्सन, क्वेंटिन की श्रीव. श्रीवने सांगितलेलं बरंचसं त्याने हार्वर्डच्या थंड खोलीत बसून रचलेलं आहे. पुस्तक संपल्यावर श्रीवच्या सगळ्या रेषा खोडून बघा. सटपेन घराण्याचं उरतं ते फार थोडं असतं. कुटुंब म्हणजे कोणीतरी सांगितलेली हकिकत, हे फॉकनर असं करून दाखवतो.

अनुक्रमणिका

चौघा-पाचांना पुरेल एवढं मिळालं, मनापासून आभार. पाच उत्तरांची सूचना लगेच वहीत गेली. स्थलांतरितांच्या कादंबऱ्यांना हेच रकाने चालतील का? 'द नेमसेक'वर 'दोन संस्कृतींत अडकलेला मुलगा' याच्या पुढे बोलता यावं अशी इच्छा आहे.

जुनी पोथी

चालतात, फक्त 'राज्य' या रकान्यात इमिग्रेशनचा कायदा येतो. कोणाची बायको येऊ शकते, कोणाचं मूल मूल मानलं जातं, हे तिथे ठरतं.

चिनी-अमेरिकी कादंबऱ्यांत हे सगळ्यात ठळक दिसतं. १८८२ च्या कायद्याने चिनी मजुरांचं येणं बंद झालं, ते १९४३ पर्यंत. जे आधी आले ते पुरुष इथे, बायका तिकडे. लुई चू यांच्या 'ईट अ बोल ऑफ टी' (१९६१) मध्ये न्यूयॉर्कच्या चायनाटाउनमधली ही म्हाताऱ्या 'अविवाहितांची' वस्ती आहे, आणि त्यांतले कित्येक खरं तर विवाहित आहेत. वा गेने बायकोला वीस वर्षांहून जास्त काळ पाहिलेलं नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर सैनिकांच्या बायकांना आणण्याची सोय झाली आणि त्याचा मुलगा बेन लॉय मेई ओईला घेऊन आला. सगळी वस्ती या एका जोडप्याच्या पाळण्याकडे डोळे लावून बसते, आणि बेन लॉय खचतो. त्याचं खचणं हा निव्वळ शयनगृहातला मामला समजून वाचलं तर पुस्तक अर्धंच हाती येतं.

दुसरा प्रकार 'पेपर सन'चा. १९०६ च्या भूकंपात आणि आगीत सॅन फ्रान्सिस्कोतल्या जन्मनोंदी जळाल्या. मग अनेकांनी आपण इथेच जन्मलो असा दावा केला, आणि नागरिकाचा मुलगा म्हणून येण्याच्या जागा विकल्या गेल्या. विकत घेतलेला बाप, विकत घेतलेलं आडनाव. फे मायेन इंग यांच्या 'बोन' (१९९३) मध्ये लिओनने कागदांनी भरलेली सुटकेस आयुष्यभर जपली आहे. सरकारी पेन्शनची वेळ येते, कागदावरची नावं-तारखा एकमेकांशी जुळत नाहीत, आणि लीला ती सुटकेस उपसायला बसते. तीही त्याची सावत्र मुलगी. रक्ताचं नातं नसलेली मुलगी खोट्या आडनावाच्या बापाचे खरे कागद शोधते आहे, यावर गट तासभर बोलेल. सूचना एकच: ही गोष्ट उलट्या क्रमाने जाते. दर प्रकरणाला 'ओनाच्या मृत्यूआधी की नंतर' एवढी खूण करा, म्हणजे गोंधळ होत नाही.

'द नेमसेक' (२००३) वाचताना नावाशी संबंधित कागद एका ओळीत मांडा. पणजीने नाव लिहून पाठवलेलं पत्र पोचतच नाही. नावाशिवाय बाळाला घरी सोडणार नाही म्हणून हॉस्पिटलच्या कागदावर गोगोल लिहिलं जातं. शाळेत आईवडील निखिल म्हणतात, मुलगा ते नाव नाकारतो, मुख्याध्यापिका गोगोल लिहून मोकळी होते. मग अठराव्या वर्षी मॅसॅच्युसेट्सच्या कोर्टात तो स्वतःच अर्ज करून निखिल होतो. बंगालीत घरचं हाकेचं नाव आणि बाहेरचं 'चांगलं' नाव अशी दोन नावं सुखाने नांदतात. अमेरिकी कागदावर एकाच नावाला रकाना असतो. गोष्ट घडते ती या फटीत, आणि 'दोन संस्कृती' म्हटलं की नेमकी ही फट बुजून जाते. पुढे लग्नात मौशुमी आपलं आडनाव ठेवते. आणि मित्रांच्या मेजवानीत तिच्याकडून नवऱ्याचं जुनं नाव सहज बोलून जातं. घटस्फोटाचं कारण पुढे वेगळंच निघतं, पण नीट वाचलं तर लग्नाला तडा गेला तो याच टेबलापाशी.

जोडीला भारती मुखर्जींची 'जॅस्मिन' (१९८९) ठेवा. ज्योती, जॅस्मिन, जेझ, जेन... जवळपास प्रत्येक नवं नाव कोणीतरी दुसऱ्याने दिलेलं आहे. कोणी दिलं आणि त्या बदल्यात काय मागितलं, एवढे दोनच रकाने पुरतात. गोगोल आपलं नाव स्वतः बदलतो आणि तरी त्यात मावत नाही. ही बाई दिलेल्या प्रत्येक नावात राहून पाहते आणि पुढे निघते.

तळटीप

समास यांची दुरुस्ती मान्य. मीही यापुढे पाच उत्तरांचाच रकाना सुचवेन.

क्रमाबद्दल: प्रकाशनाच्या सालाने लावू नका, कथानकाच्या काळानेही नको. जोड्या लावा. पहिली बैठक चेसनटची कथा आणि 'पासिंग', दोन्ही छोटी आहेत. दुसरी व्हॉर्टन, दोन्हींपैकी एकच. गट नवा असेल तर 'कस्टम', कारण तिच्यात घटना जास्त आहेत. तिसरी 'बिलव्हेड', तिला एकटीला ठेवा आणि आधीच्या बैठकीपासून किमान सहा आठवडे द्या. पहिली पन्नास पानं कळत नाहीत म्हणून पुष्कळ जण सोडून देतात. त्यांना आधीच सांगा, की घरात कोण आहे हे न कळणं ठरवून केलेलं आहे. चौथी 'गिलियड'. पाचवी 'बोन' आणि 'द नेमसेक'. सहावीला टायारी जोन्स यांची 'अ‍ॅन अमेरिकन मॅरेज' (२०१८): रॉय न केलेल्या गुन्ह्यासाठी १२ वर्षांची शिक्षा भोगायला जातो, पाच वर्षांनी सुटतो, आणि कागदावर लग्न शाबूत असतं. कायदा मानतो, पण सेलेस्टियल मानते का? पहिल्या बैठकीतल्या रायडरांसमोर नेमका याच्या उलटा पेच होता, त्यामुळे वर्तुळ आपसूक जुळतं. यातली तुरुंगातली पत्रं दोघांनी आलटून पालटून वाचावीत, आणि कोणाचं पत्र किती दिवसांनी आलं तेही बघावं.

'अ‍ॅब्सलम' या सहांत कोंबू नका. तिला स्वतंत्र तीन बैठका लागतात.

समास

कोणाला 'गिलियड'ऐवजी मूलनिवासी कुटुंबावरचं पुस्तक हवं असेल तर लुईज अर्ड्रिक यांची 'लव्ह मेडिसिन'. तिच्यातल्या वंशावळीत पारंपरिक ओजिब्वे लग्न, कॅथलिक लग्न आणि लग्नाबाहेरचे संबंध यांच्यासाठी वेगवेगळ्या खुणा आहेत, आणि मुलं तिन्हींतून सारखीच खाली उतरतात. पाच उत्तरांचा रकाना लेखिकेनेच आखून दिला आहे म्हणा ना. फक्त सगळ्यांकडे एकच आवृत्ती असल्याची खात्री करा. मूळ पुस्तक १९८४ चं, १९९३ मध्ये नवी प्रकरणं घालून वाढवलेलं, २००९ मध्ये पुन्हा बदललेलं. आवृत्त्या वेगळ्या असतील तर पानांचे आकडे न सांगता प्रकरणाचं नाव, साल आणि निवेदक सांगा. बहुतेक प्रकरणांच्या सुरुवातीलाच या तिन्ही गोष्टी सापडतात.